सावलीचा मनोरा आणि उत्तरेचे ऊन

सिमला-कुलू-मनालीच्या सहलीला महाराष्ट्रातून निघालेली मंडळी जाता-येता चंदीगडला एखादा मुक्काम करतातच. त्या मुक्कामात सुखना तलावावर नौकाविहार, नेकचंद यांची रॉक गार्डन आणि वेळ उरला तर सेक्टर १६ मधील गुलाबाची बाग एवढे पाहून होते. रॉक गार्डन पाहावीच. सरकारी नोकरीतल्या एका रस्ते-निरीक्षकाने १९५७ पासून कोणाला कळू न देता, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि शहरासाठी उठवलेल्या गावांचा राडारोडा गोळा करून ती उभी केली. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. शहराच्या ईशान्य टोकाचा 'कॅपिटॉल' परिसर मात्र, म्हणजे सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय, बहुधा राहून जातो. ल कॉर्बुझिए याच्या निवडक कामांबरोबर या परिसराचा २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, आणि ओळखपत्र दाखवून मार्गदर्शकाबरोबर तो पाहताही येतो. विज्ञानाच्या शिक्षकाने तो अवश्य पाहावा असे मला वाटते. मात्र तेथे जे सांगितले जाते ते सारेच वहीत उतरवून घेऊ नये. त्यातले एक वाक्य तर तपासून पाहण्यासारखे आहे.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही, हा चंदीगडचा उगम. पहिला आराखडा अमेरिकन नियोजक आल्बर्ट मेयर आणि त्याचा सहकारी मॅथ्यू नोविकी यांचा. नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेला. मग थापर आणि वर्मा हे दोन अधिकारी युरोपात वास्तुविशारद शोधायला गेले आणि त्या शोधातून ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य अशी चौकडी जमली. १९५१ मध्ये नवा आराखडा तयार झाला. सुमारे ८०० गुणिले १२०० मीटरचे सेक्टर, वाहनांच्या वेगानुसार रस्त्यांचे सात प्रकार, वगैरे तपशील कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडतात, म्हणून ते येथे सोडून देतो. आपल्याला रस आहे तो उन्हात.

चंदीगडचा अक्षांश सुमारे ३०.७ अंश उत्तर. मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पुढे दमट पावसाळा, आणि डिसेंबर-जानेवारीत चांगली हुडहुडी भरते. म्हणजे तेथील इमारतीने उन्हाळ्यात ऊन बाहेर ठेवायचे आणि हिवाळ्यात आत घ्यायचे, असे दुहेरी काम करावयाचे आहे. कॉर्बुझिएच्या कार्यालयाने यासाठी एक हवामान-तक्ताच तयार केला होता. हवेचे तापमान, आर्द्रता, वारा आणि भोवतालच्या पृष्ठभागांकडून प्रारणाने येणारी उष्णता हे चार घटक त्यात महिनेवार मांडले होते. माणसाला होणारा उकाडा नुसत्या तापमापकावर कळत नाही, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आजही क्वचितच येते. ती एका वास्तुविशारदाने १९५०च्या सुमारास तक्त्यात मांडावी, याबद्दल त्याला पुरे गुण द्यायला हवेत.

या विचारातून आलेले साधन म्हणजे भिंतीपुढे उभारलेली काँक्रीटची जाड, खोल चौकट. फ्रेंचमध्ये तिला 'ब्रीझ-सोलेय' म्हणतात. आपण ऊनरोधक म्हणू. तत्त्व आपल्या छज्जाचेच आहे. दक्षिणेला तोंड असलेली दीड मीटर उंचीची खिडकी घ्या आणि तिच्यावर ६० सेंटिमीटरचा छज्जा काढा. २१ जूनला चंदीगडमध्ये माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ८२.७ अंशांवर असतो, त्यामुळे छज्जाची सावली भिंतीवर साडेचार मीटरहूनही खाली उतरते आणि खिडकी पूर्ण झाकली जाते. २२ डिसेंबरला तोच सूर्य ३५.८ अंशांवर असतो, सावली जेमतेम ४३ सेंटिमीटर पडते आणि बाकीच्या खिडकीतून ऊब आत येते. कुठलेही यंत्र नाही, वीज नाही. नववीच्या विद्यार्थ्याला 'टॅन' कळला की हे गणित सुटते.

अडचण अशी, की हे सोपे गणित दक्षिणेच्या भिंतीचे आहे. पश्चिमेच्या भिंतीवर सूर्य समोरून येतो आणि खाली उतरत जातो. तो १५ अंशांवर असताना तीच दीड मीटरची खिडकी झाकायची तर छज्जा साडेपाच मीटरांहून लांब हवा. म्हणून तेथे आडव्या फळ्या कुचकामी ठरतात. उभ्या, तिरप्या किंवा हलवता येणाऱ्या पट्ट्या लागतात. आपल्या जुन्या घरांच्या पश्चिमेला पडवी का असते आणि झडपांच्या खिडक्या का असतात, याचे उत्तरही हेच.

आता चंदीगडच्या नकाशाकडे पाहा. शहराचे मुख्य रस्ते उत्तर-दक्षिण नाहीत. जमिनीचा उतार ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, वरच्या अंगाला शिवालिकच्या टेकड्या, त्यानुसार सगळी जाळी तिरपी बसवलेली आहे. त्यामुळे विधानसभेचे तोंड आग्नेयेला आले आणि तिच्यासमोरच्या उच्च न्यायालयाचे वायव्येला. २५४ मीटर लांबीच्या सचिवालयाच्या दोन लांब बाजूही अशाच, एक आग्नेयेची, एक वायव्येची. वायव्येच्या भिंतीवर जूनमध्ये माध्यान्हीनंतर थोड्याच वेळात ऊन सुरू होते ते सूर्यास्तापर्यंत राहते, आणि शेवटी तर ते जवळजवळ समोरून, सपाट येते. डिसेंबरात त्याच भिंतीच्या वाट्याला दिवस कलताना निसटते ऊन तेवढे येते. थोडक्यात, नको तेव्हा भरपूर आणि हवे तेव्हा जवळजवळ नाही. दिशा आधी ठरली ती टेकड्यांकडे आणि रस्त्यांकडे पाहून. उन्हाचा हिशोब नंतर त्या दिशेवर चढवला गेला. न्यायालयाच्या दर्शनी भिंतीवरील खोल चौकोनी खण छायाचित्रात देखणे दिसतात, यात शंका नाही. पण ज्या सूर्यासाठी ते घातले तो संध्याकाळी सरळ त्यांच्या पोकळीतून पाहतो.

याच परिसरात, विधानसभा आणि न्यायालय यांच्यामधल्या विस्तीर्ण फरसबंद पटांगणात, 'टॉवर ऑफ शॅडोज' म्हणजे सावलीचा मनोरा आहे. आत कार्यालय नाही, कोणी राहत नाही. उन्हावर चारही दिशांनी ताबा मिळवता येतो हे दाखवण्यासाठीच कॉर्बुझिएने तो कल्पिला आणि त्याच्या १९६५ मधील मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी तो बांधला गेला. तीन बाजूंना ऊनरोधक आहेत, उत्तरेची बाजू मोकळी आहे. मार्गदर्शक सांगतो, आणि पर्यटनाच्या माहितीतही हेच वाक्य आढळते, की उत्तरेकडून ऊन कधी येतच नाही, म्हणून ती बाजू उघडी ठेवली.

हे वाक्य चूक आहे. माध्यान्हीपुरते ते खरे आहे: चंदीगड कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने माध्यान्हीचा सूर्य तेथे बाराही महिने दक्षिणेला असतो. पण दिवस म्हणजे नुसती माध्यान्ह नव्हे. २१ जूनला चंदीगडचा सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, तर पूर्वेच्या २७ अंशांहून अधिक उत्तरेला उगवतो आणि तितकाच उत्तरेला सरकून मावळतो. घड्याळी साधारण साडेनऊपर्यंत तो पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेला असतो. मग दक्षिणेकडे उतरतो आणि सव्वातीनच्या सुमाराला, अजून ५१ अंश वर असतानाच, पुन्हा उत्तरेत शिरतो. हिशोब केला तर त्या दिवशी उत्तरेच्या भिंतीवर सुमारे आठ तास ऊन असते आणि दक्षिणेच्या भिंतीवर सहा तासांहूनही कमी. वर्गात हे सांगितले तर मुले आधी विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये. काठी रोवून पाहावे.

मनोऱ्याच्या बाजूने एक गोष्ट म्हटली पाहिजे. उत्तरेचे हे ऊन फार तिरके असते. संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास एक मीटर आत शिरायला त्या किरणाला बाजूला सुमारे २.७ मीटर सरकावे लागते, त्यामुळे ते कडेकडेनेच आत येते. भिंतीवर पडणारी उष्णताही समोरून येणाऱ्या उन्हाच्या जवळपास तिसरा हिस्साच. तेव्हा उत्तर मोकळी ठेवण्याचा निर्णय वास्तुविशारदाला क्षम्य आहे. अक्षम्य आहे ते त्याचे कारण म्हणून 'कधीच येत नाही' असे सांगणे, कारण ते ऐकून शिक्षक परततात आणि फळ्यावर तेच लिहितात.

मला अधिक खटकते ते वेगळेच. हा मनोरा शहराच्या जाळीत बसवलेला नाही. त्याला मुद्दाम वळवून खऱ्या उत्तर-दक्षिणेवर ठेवले आहे. म्हणजे ज्या वाकड्या दिशेशी सचिवालयातल्या कारकुनाला आणि न्यायालयातल्या पक्षकाराला रोज झगडावे लागते, त्या दिशेतून मनोऱ्याला सूट मिळाली. प्रयोगशाळेच्या भाषेत बोलायचे तर हे प्रात्यक्षिक आहे, प्रयोग नव्हे. प्रात्यक्षिकात आपण उत्तर येईल अशीच मांडणी करतो, आणि त्यात गैर काही नाही. शाळेत आपण तेच करतो. प्रयोगात मात्र आपण चुकू शकू अशी जागा ठेवावी लागते. तो मनोरा वायव्येला तोंड करून उभा राहिला असता, तर कॉर्बुझिएच्या कल्पनेची खरी परीक्षा झाली असती.

दुसरा प्रश्न काँक्रीटचा. एक घनमीटर काँक्रीट सुमारे २४०० किलो भरते. ते १५ अंशांनी तापले तर त्यात साठणारी उष्णता १००० वॅटची विजेची शेगडी नऊ तास चालवल्याइतकी होते. बाहेर ऊन खाणारा ऊनरोधक आतल्या मजल्याच्या लादीशी सलग ओतलेला असला, तर ही उष्णता वहनाने आत जाते आणि उरलेली प्रारणाने खिडकीवर पडते. १५ सेंटिमीटर जाडीतून तापाची लाट पलीकडे पोचायला चारेक तास लागतात, म्हणून भिंत कोमट लागते ती ऊन उतरल्यावर. वाळ्याची ताटी किंवा बांबूची चिक यांत असे साठवण्याजोगे वस्तुमानच नसते. ताटी तर बाष्पीभवनाने उलट गारवा देते. अर्थात राजधानीच्या सचिवालयाला ताट्या बांधाव्यात असे मी म्हणत नाही. पण ऊन अडवणारी वस्तू हलकी असावी आणि इमारतीपासून सुटी असावी, एवढे भौतिकीच्या दृष्टीने उघड होते.

विशेष म्हणजे कॉर्बुझिएला हे ठाऊक नव्हते असेही नाही. उच्च न्यायालयाचे छप्पर पाहा. मूळ इमारतीवर छत्रीसारखे दुसरे कमानदार छप्पर आहे आणि दोहोंमधून वारा खेळतो. वरचे छप्पर तापते, खालचे सावलीत राहते, मधली हवा उष्णता घेऊन जाते. कॅपिटॉलमधली ही मला सर्वांत समजदार वाटणारी रचना. याउलट विधानसभेचा मनोरा. अहमदाबादच्या वीजकेंद्रातील शीतक मनोरे पाहून कॉर्बुझिएने तो आकार उचलला. शीतक मनोऱ्यात तो आकार काम करतो: तळाची गरम, ओली हवा वर चढते आणि उघड्या तोंडातून बाहेर पडते. येथे माथ्यावर तिरके झाकण आहे आणि खाली बसून भाषणे करायची आहेत! वक्र भिंती आवाज परतवून ठिकठिकाणी गोळा करतात, म्हणून आतून ध्वनिशोषक फलक लावावे लागले. आकार घेतला, कार्य मागे ठेवले.

फ्राय, ड्रू आणि जानरे यांनी बांधलेल्या कर्मचाऱ्यांच्या घरांकडे सहसा कोणी पर्यटक फिरकत नाही. फ्राय आणि ड्रू पश्चिम आफ्रिकेत काम करून आले होते, पैसा बेताचा होता, माल म्हणजे स्थानिक वीट. तेव्हा लहान खिडक्या, विटांची जाळी, आत ओढून घेतलेले व्हरांडे, मागे अंगण. जाळीच्या भोकाची खोली त्याच्या रुंदीइतकी असली की पंचेचाळीस अंशांवरचे सारे ऊन अडते आणि वारा मात्र मिळतो. कॅपिटॉलपेक्षा मी विद्यार्थ्यांना या घरांच्या रस्त्यावरून आधी नेईन.

सहलीपूर्वी एक दुपार खर्च करता आली तर बुटांचे खोके घ्यावे, एका बाजूला खिडकी कापावी, वर पुठ्ठ्याचा छज्जा चिकटवावा आणि होकायंत्राने आळीपाळीने दक्षिण, पश्चिम, वायव्य आणि उत्तर दिशेला ठेवून आत पडणाऱ्या उन्हाचा ठिपका कागदावर आखावा. महाराष्ट्रात उत्तरेच्या उन्हासाठी संध्याकाळची वाटही पाहावी लागत नाही. सारा प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्यच उत्तरेला असतो. ढग नसतील त्या दिवशी काठीची सावली दक्षिणेला पडलेली दिसते. चंदीगडला जूनमध्ये गेलात तर कॅपिटॉलची दुपारची फेरी मागून घ्या, खिशात होकायंत्र ठेवा, आणि सव्वातीननंतर सावलीच्या मनोऱ्याच्या उघड्या बाजूला थांबा.