‘आमुचं’ या शब्दाची जबाबदारी

दलित आत्मकथनांविषयी एक समज रूढ झाला आहे : ज्याने भोगले त्याने सांगावे आणि ज्याने अभ्यास केला त्याने अर्थ लावावा. हा समज आम्हांस मान्य नाही. ही वाटणी म्हणजे श्रमविभागणीच्या नावाखाली चालत आलेल्या श्रमिकांच्या विभागणीचेच नवे रूप होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या लेखनात ती केव्हाच मोडली. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून १९१७ मध्ये आपणांस बाहेर काढले गेल्याचा प्रसंग ते तेथे इतरांच्या प्रसंगांशेजारी ठेवतात. त्यातील ‘मी’ दयेचा विषय नाही, तो पुरावा आहे.

या कसोटीवर बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुन्हा वाचावयास हवे. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या या लेखनाच्या शीर्षकात ‘माझं’ नाही आणि ‘आपलं’ही नाही. मराठीत ‘आपण’ ऐकणाऱ्यास सामावून घेते. ‘आम्ही’ त्यास उंबऱ्याबाहेर थांबविते. ‘स्त्री’च्या पांढरपेशा वाचकास हा शब्द त्याची जागा दाखवितो. परंतु शिकून शहरात स्थिरावलेल्या आमच्यासारख्यांस तो विचारतो, की तुम्ही अजून आत आहात काय?

बेबीताईंचा ‘आम्ही’ केवळ फिर्यादी नाही, तो आरोपीही आहे. अंगात येणारी देवी, पोतराज म्हणून सोडलेला मुलगा, पळून गेलेल्या कोवळ्या सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा, यांतील काहीही त्या झाकत नाहीत. आणि त्या तेवढ्यावर थांबतही नाहीत. गावाने ज्यांना गुलाम केले, त्यांनी आपल्या घरात सुनेच्या रूपाने गुलाम शोधला, असा कार्यकारणभाव त्या मांडतात. घरचे उणे चव्हाट्यावर आणल्याचा आक्षेप येथेच गळून पडतो. कारण दाखविल्याविना सांगितलेला दोष विरोधकाच्या हाती शस्त्र होतो, कारणासह सांगितलेला दोष मुक्तीची वाट दाखवितो. जाहीर वाचनात पाणवठ्याचे आणि गावकीचे उतारे निवडताना खोड्याचे पान आम्हीही वगळीत आलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

तथापि या ग्रंथाची एक मर्यादा आहे. हे लेखन बेबीताईंनी अनेक वर्षे पतीपासून लपवून ठेवले होते. स्वतःच्या संसारात सोसलेल्या मारहाणीविषयी त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. ग्रंथात मात्र ते आले नाही. समाजाची व्यथा सांगताना ‘आम्ही’ने ‘मी’स गिळले. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) तो ‘मी’ परत येतो. चळवळीतील स्त्रीच्या शिक्षणास घरातूनच होणारा विरोध तेथे नोंदला जातो.

सतिपट्ठान सुत्तात वेदनांचे अवलोकन अंतरी, बाहेर आणि अंतर्बाह्य असे तिन्ही प्रकारे करावयास सांगितले आहे. स्वतःकडे आपल्या संस्कृतीचा घटक म्हणून पाहणाऱ्या लेखकास याहून नेमकी पद्धती आम्हांस ठाऊक नाही. केवळ अंतरी पाहिले तर विलाप उरतो, केवळ बाहेर पाहिले तर अहवाल. बेबीताई बाहेरून अंतरी येता येता उंबऱ्याशी थांबल्या. तो उंबरा ओलांडणे हे आमच्या पिढीचे काम आहे. आणि त्याचा आरंभ वगळलेले पान मोठ्याने वाचण्यापासून करावा लागेल.