जयंतीच्या रात्रीचे गाणे आणि आतषबाजी

चौदा एप्रिलच्या आगेमागे वस्त्यावस्त्यांतून भीमगीतांचे कार्यक्रम होतात. उन्हाने तापलेले पटांगण पाणी मारून निववले जाते, सतरंज्या पडतात, बायकापोरांसह सारी वस्ती उघड्या आभाळाखाली येऊन बसते आणि रात्री बाराला आतषबाजी होते. या रात्रीविषयी आपल्या समीक्षेने फारसे लिहिलेले नाही. प्रस्थापित अभिरुचीला तो गोंगाट वाटतो, हे समजण्यासारखे आहे. पण आपल्यातले शिकलेले लोकही 'प्रबोधन संपले, करमणूक उरली' असे म्हणून मोकळे होतात. करमणूक हा शब्द त्यांनी शिवीसारखा का वापरावा?

बाबासाहेबांनी १९३६ च्या त्या न झालेल्या भाषणात, 'जातिनिर्मूलना'त, इंदूर संस्थानातील बलाईंवर १९२८ साली सवर्णांनी लादलेल्या अटी नोंदवल्या आहेत. बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, ही एक. हिंदूंच्या लग्नात मिरवणुकीपुढे बलाईंनी वाजवावे, ही दुसरी. वाजवायचे यांनी, साजरे करायचे त्यांनी. आपल्याकडच्या हलगीची आणि सनईची कथा याहून निराळी नव्हती. नांदेड जिल्ह्यातील बोंढार हवेली येथे जून २०२३ मध्ये एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात जयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे आहे. ज्या आनंदासाठी आजही जीव द्यावा लागतो, त्याला उथळ म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही.

एवढे मान्य करूनच चिकित्सा केली पाहिजे. भीमराव कर्डकांच्या पिढीने तमाशाचा साचा उचलला, त्यातली देवादिकांची स्तुती काढून टाकली आणि गाण्याला संवादाची, फार्साची जोड दिली. जलशाचा श्रोता हसत हसत विचार करी. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) तीच रीत एकट्याच्या गाण्यात आणली. टाटा-बिर्लांची नावे घेऊन आमचा वाटा कुठे, असा हिशेब मागणारे त्यांचे गाणे घ्या. चाल अशी की पोरांनीही टाळी धरावी, आणि प्रश्न असा की टाळी थांबल्यावर तो मनात राहावा. पण टाळी थांबायला थोडी उसंत लागते. आजच्या कार्यक्रमात ही उसंतच नाहीशी झाली आहे.

दोष आतषबाजीचा, असे सहज म्हटले जाते. मला तसे वाटत नाही. आतषबाजीला पहिली रांग नसते. ती पत्र्यावर चढलेल्या पोराला दिसते, आणि दाराच्या उंबऱ्यात बसलेल्या म्हातारीलाही दिसते. पहिली रांग असते ती पाहुण्यांची, आणि खरी खोट तिथेच आहे. शाल, नारळ, हार, देणगीदारांची नावे, नगरसेवकाचे मनोगत. यात तास-दीड तास जातो. शाहीर मंचामागे पेटीवर हात ठेवून ताटकळत असतो. त्याला माईक मिळतो तो दहाच्या पुढे, आणि दोन कडवी होतात न होतात तोच बाराचे बार सुरू होतात.

कायद्याचे घड्याळही ध्यानात घ्यावे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार तो मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. पण ही सवलत ध्वनिक्षेपकाला आहे. आवाजाचे फटाके रात्री १० नंतर उडवायला मनाईच आहे. म्हणजे बाराचे बार उडवून आपण मंच बंद पाडण्याचे निमित्त आपल्याच हाताने पोलिसांच्या हाती देतो. इतरांच्या उत्सवात हाच नियम किती सैल होतो, हे आपण पाहतोच. म्हणून तर आपण अधिक सावध असले पाहिजे.

आवाजाच्या भिंती उभारल्यावाचून लोक जमत नाहीत, हेही खरे नाही. कडूबाई खरात एका एकतारीवर गातात आणि तेवढ्यावर त्यांचे गाणे घरोघर पोचले आहे. मंडळांनी सत्कार सकाळी, ध्वजवंदनाच्या वेळी उरकून घ्यावेत. सूर्य बुडाला की आतषबाजी करावी, म्हणजे लहान पोरांनाही ती जागेपणी पाहता येईल. नंतरची सारी रात्र, बारा वाजेपर्यंत, शाहिराची.