लेण्याची भिंत आणि विद्याशाखांच्या भिंती

बौद्ध विद्येच्या अभ्यासाचे क्षेत्र आज पूर्वीपेक्षा पुष्कळ विस्तारले आहे. एके काळी पालि-संस्कृतचा जाणकार आणि कोरीव लेख वाचणारा पुराविद या दोघांचेच हे क्षेत्र मानले जाई. आज लेण्याच्या खडकाला गेलेल्या भेगांचा विचार भूशास्त्रज्ञ आणि अभियंता करतात, रंगांचे पृथक्करण रसायनशास्त्रज्ञ करतो, गिलाव्यात सापडलेल्या तंतूची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञ पटवतो आणि त्याच गिलाव्यावरील चित्र कोणत्या जातकातले आहे याचा निर्णय धर्मेतिहासाचा अभ्यासक करतो. ही विविधता स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की एकाच भिंतीसमोर उभे असलेले हे अभ्यासक एकमेकांचे लिखाण वाचतात काय? प्रस्तुत लेखात आम्ही अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांवर झालेल्या संशोधनाच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श घेणार आहोत.

प्रथम झालेल्या कार्याचे ऋण मान्य केले पाहिजे. मद्रासच्या संग्रहालयातील रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी १९३०च्या दशकात अजिंठ्याच्या चित्रांचे तंत्र प्रयोगशाळेत तपासले. ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नसून कोरड्या पृष्ठभागावर बंधकद्रव्यात रंग कालवून काढलेली आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. खडकावर लोहयुक्त मातीचा जाड थर, त्या मातीत खडकाची कच, वनस्पतींचे तंतू आणि भाताचे तूस, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग, अशी या भिंतीची रचना आहे. रंगांपैकी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे सहज मिळणारे. निळ्या रंगाचा राजावर्त मात्र अफगाणिस्तानातून येणारा. म्हणजे एका बोटाएवढ्या जागेत वाघोरा नदीकाठची माती आणि दूरच्या व्यापारी मार्गावरून आलेला खडा एकत्र नांदत आहेत. रसायनशास्त्राने दिलेली ही माहिती कोणत्याही ग्रंथात मिळाली नसती.

दुसरीकडे वॉल्टर स्पिंक यांनी कलेतिहासाच्या बाजूने अजिंठ्याला आपले आयुष्य वाहिले. २०१९मध्ये त्यांचे निधन झाले. वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील लेणी इ.स. ४६० ते ४८०च्या सुमारास, म्हणजे अवघ्या दोन दशकांत कोरली गेली, असा त्यांचा सिद्धांत. तो सिद्ध करण्यासाठी त्यांनी केवळ मूर्तींची शैली पाहिली नाही. भिक्खूंच्या खोल्यांची लाकडी दारे कशी बसवली होती, त्यांच्या बिजागरीच्या खोबणी कोठे व कशा कोरल्या होत्या आणि ही रीत टप्प्याटप्प्याने कशी सुधारत गेली, याचा त्यांनी बारकाईने मागोवा घेतला. कलेतिहासकाराने सुताराच्या डोळ्यांनी पाहावे, ही त्यांच्या कार्याची थोरवी आहे.

तथापि याच ठिकाणी आमचा पहिला आक्षेप आहे. सुताराच्या डोळ्यांनी पाहिलेला हा पुरावा अखेरीस राजाच्या चरित्राच्या कामी लावण्यात आला. काम केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले, याची उत्तरे हरिषेणाच्या वैभवात आणि मृत्यूनंतरच्या राजकारणात शोधली गेली. इतक्या नेमक्या वर्षांवर सर्व विद्वानांचे एकमत नाही, हा भाग वेगळा. खोबणी कोरणारा सुधारत गेला, तो चुकला आणि शिकला, हे ज्या संशोधनाने दाखवले, त्याच संशोधनात त्या शिकणाऱ्याला स्वतंत्र स्थान मिळू नये, ही गोष्ट खटकते. सोळाव्या लेण्याचा दाता मंत्री वराहदेव आम्हांला नावाने ठाऊक आहे. सव्विसाव्या लेण्यातील लेखामुळे भिक्खू बुद्धभद्र ठाऊक आहे. त्यांच्या कित्येक शतके आधी दहाव्या लेण्याचा दर्शनी भाग दान देणारा वासिठीपुत कटहादि ठाऊक आहे. माती तुडवणाऱ्याचे आणि गिलावा करणाऱ्याचे नाव ठाऊक नाही. ते नाव मिळणार नाही हे खरे. परंतु त्याची विद्या मात्र भिंतीत शिल्लक आहे आणि ती वाचण्याचे साधन आज आपल्या हाती आहे.

या संदर्भात २०१६मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन विचारात घेण्यासारखे आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात रसायनतज्ज्ञ म्हणून काम केलेले राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या मातीच्या गिलाव्यातील तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ते भांगेच्या झाडाचे असल्याचे त्यांनी दाखवून दिले. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे तंतू नाहीत. तेथील निदान चतुर्थांश चित्रांची कीटकांनी हानी केली, उलट वेरूळचा गिलावा किडीपासून बचावला, असे त्यांचे निरीक्षण. रसायन आणि वनस्पतिशास्त्र यांनी हातात हात घालून केलेले हे काम मोलाचे आहे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या समाजाने दीर्घ लढा दिला आणि ज्याचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, त्या विद्यापीठातील अभ्यासकाचा त्यात वाटा असावा, याचा आनंद आम्हांला विशेष वाटतो.

पण या संशोधनाचे पुढे काय झाले? वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'गांजा' हा शब्द झळकला. वस्तुतः खोडाच्या सालीचा तंतू निराळा आणि नशा आणणारा शेंडा निराळा. तरी पंचशीलातील पाचवे शील पाळणाऱ्या भिक्खूंच्या निवासात हे झाड कसे, असा प्रश्न एखाद्या उपासकाच्या मनात आला तर त्याला दोष देता येणार नाही. त्याचे उत्तर देणे हे धर्माभ्यासकाचे काम होते, आणि हे उत्तर विनयपिटकात हाताशी होते. महावग्गाच्या चीवरक्खंधकात भिक्खूंना सहा प्रकारच्या चीवरांची अनुज्ञा आहे: खोम, कप्पासिक, कोसेय्य, कंबल, साण आणि भंग. साण म्हणजे तागाच्या जातीचे वस्त्र आणि भंग म्हणजे भांगेच्या तंतूंचे वस्त्र, असा सामान्यतः अर्थ केला जातो. अट्ठकथेत भंगाचा आणखी एक अर्थ दिला आहे, तो म्हणजे आधीच्या पाच धाग्यांच्या मिश्रणाचे वस्त्र. तेव्हा येथेही घाईने निर्णय करू नये. तरीसुद्धा संघाला तंतूची ओळख होती, नशा वर्ज्य आणि तंतू ग्राह्य हा विवेक होता, एवढे म्हणण्यास आधार आहे. पालिच्या अभ्यासकाने वनस्पतिशास्त्राचा निबंध वाचला असता, तर 'भंग' शब्दाच्या अर्थनिर्णयाला नवा पुरावा मिळाला असता. वनस्पतिशास्त्रज्ञाने विनय पाहिला असता, तर त्याच्या तंतूला इतिहास मिळाला असता.

गिलाव्याची गोष्टही अशीच. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात विहाराच्या भिंतींना पांढरा, काळा आणि गेरूचा रंग देण्याची अनुज्ञा आहे. खडबडीत भिंतीवर पांढरा रंग धरेना, तेव्हा तूस कालवलेल्या मातीचे गोळे थापीने बसवून मग रंग द्यावा, असे तेथे सांगितले आहे. गेरू धरेना, तेव्हाही तुसाच्या गोळ्यांनंतर कोंड्याची माती द्यावी, असा उपाय आहे. पालितील 'थुस' आणि 'कुण्डक' हे शब्द आपल्या घरातील तूस आणि कोंडा यांच्यापासून दूर नाहीत. परमशिवन यांना अजिंठ्याच्या मातीत जे तूस सापडले, त्याचा नियम पिटकात आहे. आणि ज्या आजीने गावकुसाबाहेरच्या घराची भिंत तूस घालून लिंपली, तिच्या हातातही तीच विद्या होती. शास्त्र, ग्रंथ आणि श्रम ही तिन्ही येथे एका ठिकाणी येतात. आमच्या विद्यापीठांत मात्र ती तीन निरनिराळ्या इमारतींत बसतात.

याच खंधकात स्त्री-पुरुषांच्या आकृतींची चित्रे काढण्यास मनाई असून माळा, वेली यांची नक्षी तेवढी मान्य आहे. मग अजिंठ्याच्या भिंती राजा-राणी, दासी, व्यापारी, भिकारी यांनी भरून कशा गेल्या? त्या संघाने हा नियम कसा समजून घेतला होता? या प्रश्नाचे उत्तर रंगांच्या पृथक्करणातून मिळणार नाही. येथे धर्मेतिहासाच्या अभ्यासकाचीच आवश्यकता आहे.

प्रयोगशाळेचा शब्द अखेरचा मानण्याची वृत्तीही आता वाढत आहे. म्हणून महाराष्ट्राबाहेरचे एक उदाहरण येथे देतो. लुंबिनीच्या मायादेवी मंदिरात रॉबिन कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले व त्याचे निष्कर्ष २०१३मध्ये प्रसिद्ध केले. विटांच्या मंदिराखाली लाकडी खांबांच्या खळग्यांचे अवशेष मिळाले. कोळसा व माती यांच्या शास्त्रीय परीक्षणावरून त्यांचा काळ इ.स.पूर्व सहावे शतक ठरवण्यात आला. त्यावरून हे सर्वांत प्राचीन बौद्ध पूजास्थान होय आणि बुद्धाचा काळही मागे न्यावा लागेल, अशा बातम्या सर्वत्र पसरल्या. बुद्धाचे अनुयायी म्हणून ही वार्ता कोणाला प्रिय वाटणार नाही? परंतु कोळसा आपले वय सांगतो, तो ज्या कुंपणाचा होता त्यामागची श्रद्धा सांगत नाही. ते स्थान त्या वेळी बौद्धांचेच होते की आधीच्या एखाद्या वृक्षपूजेचे, हा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला आणि तो रास्त आहे. प्रिय वाटते म्हणून सत्य मानू नये, हीच तर तथागतांची शिकवण. कालामांना सांगितलेला निकष प्रयोगशाळेच्या अहवालालाही लागू पडतो.

विद्याशाखांच्या सीमा ओलांडणे ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नाही. 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' हा १९०७चा ग्रंथ लिहिणारे पी. लक्ष्मी नरसू मद्रासच्या महाविद्यालयात भौतिक विज्ञानाचे प्राध्यापक होते. बाबासाहेबांनी १९४८मध्ये तो ग्रंथ स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा प्रकाशित करवला. स्वतः बाबासाहेबांनी १९२३मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि पुढे पालि व्याकरण व शब्दकोशाचे काम हाती घेतले. ते काम त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात १९९८मध्ये प्रसिद्ध झाले. पालि पंडित धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दामोदर कोसंबी गणिती होते. प्राचीन आहत नाणी तराजूत तोलून, त्यांची झीज मोजून त्यांनी नाण्यांच्या चलनाचा इतिहास मांडला आणि त्याच नजरेने कार्ले परिसरातील लेण्यांचा व व्यापारी मार्गांचा संबंध शोधला. या थोर पुरुषांनी अनेक विषय हाताळले, कारण त्यांचा प्रश्न एक होता आणि त्या प्रश्नाला विषयांच्या सीमा ठाऊक नव्हत्या.

आज आपल्या समाजातील मुले-मुली अभियांत्रिकीकडे आणि विज्ञानाकडे मोठ्या संख्येने वळली आहेत. पालि आणि बौद्ध विद्येचे वर्ग स्वतंत्रपणे चालतात. रविवारी विहारात वंदनेला दोघेही शेजारी बसतात. सोमवारी ते पुन्हा परके होतात. त्यातही संशोधनाचे निष्कर्ष बहुधा इंग्रजीत प्रसिद्ध होतात आणि मराठीत त्यांचा केवळ मथळा येतो. ज्यांच्या पूर्वजांच्या श्रमाचा हा इतिहास आहे, त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही, ही आमची खरी तक्रार आहे.

ही तक्रार फार जुनी आहे. चुल्लवग्गातच तिची कथा आली आहे. वेसालीत एक दरिद्री शिंपी राहत होता. संघासाठी आपणही विहार बांधावा, असे त्याच्या मनात आले. त्याने स्वतः चिखल तुडवला, विटा रचल्या, भिंत उभी केली. त्याला बांधकामाचे ज्ञान नव्हते. भिंत वाकडी झाली आणि कोसळली. असे तीन वेळा घडले. तेव्हा तो उद्वेगाने म्हणाला, की जे दान देतात त्यांना हे श्रमण उपदेश करतात, त्यांच्या बांधकामावर देखरेख ठेवतात. मी गरीब, मला कोणी सांगत नाही. ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली. त्यांनी शिंप्याला दोष दिला नाही. त्यांनी बांधकामाची देखरेख भिक्खूकडे सोपवण्याचा नियम केला. 'नवकम्मिक' भिक्खूचे पद या प्रसंगातून निर्माण झाले आणि पुढे अमरावतीच्या कोरीव लेखांतही ते आढळते.

धर्म आणि अभियांत्रिकी यांचा संबंध कोठे येतो, असे विचारणाऱ्याला आम्ही हे उत्तर देऊ. तो संबंध एका गरिबाच्या कोसळलेल्या भिंतीपाशी येतो. म्हणून आमची सूचना अशी आहे, की लेण्यांच्या गिलाव्यावर प्रबंध लिहिणाऱ्याने विनयाच्या जाणकाराकडून तो वाचून घ्यावा. विनयावर लिहिणाऱ्याने एकदा तरी गवंड्यासोबत आणि रसायनतज्ज्ञासोबत लेण्यात उभे राहावे. आणि दोघांनीही आपले निष्कर्ष विहारात येणाऱ्या उपासक-उपासिकांना कळतील अशा मराठीत मांडावेत. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथील ज्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले, तेथे कला आणि विज्ञान यांची महाविद्यालये शेजारी शेजारी उभी आहेत. ज्या मिलिंद राजाचे आणि नागसेन स्थविरांचे स्मरण तेथे होते, ते दोघे एकमेकांना प्रश्न विचारीत होते. एवढे अनुकरण आपल्या विद्वानांनी केले, तरी पुष्कळ होईल. शिंप्याची भिंत चौथ्यांदा कोसळू नये, यासाठी ते आवश्यक आहे.