स्मरणातले फादर बुल्के आणि ग्रंथांतले फादर बुल्के

प्रिय अध्यापक निवर्तला म्हणजे त्याच्या विद्यार्थ्यांच्या मनात प्रथम उरतो तो त्याचा स्वभाव. त्याचे बोलणे, त्याची माया, अडचणीच्या वेळी त्याने दिलेला धीर यांच्या आठवणी निघतात. त्याने आयुष्यभर केलेले काम मात्र कपाटात राहते. फादर कामिल बुल्के यांच्या बाबतीत काहीसे असेच घडले आहे. म्हणून त्यांच्याविषयीच्या स्मरणलेखनाचा आणि त्यांच्या ग्रंथांचा एकत्र विचार करणे मला अगत्याचे वाटते.

रांचीच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात हिंदी व संस्कृत विभागाचे प्रमुख असलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १७ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीत गँगरीनच्या विकाराने मरण पावले. दुसऱ्या दिवशी काश्मिरी गेटजवळच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. जैनेंद्रकुमारांसारखे हिंदीतील मान्यवर साहित्यिक तेथे उपस्थित होते आणि अंत्यविधी हिंदीतून झाला. त्या प्रसंगाचे वर्णन हिंदी कवी सर्वेश्वर दयाल सक्सेना यांनी आपल्या ‘मानवीय करुणा की दिव्य चमक’ या लेखात केले आहे. शालेय पाठ्यपुस्तकातून तो असंख्य मुलांनी वाचला. घरच्या मंगलकार्यात वडीलधाऱ्यासारखे आशीर्वाद देणारे, पत्नी आणि पुत्र यांच्या वियोगात सांत्वन करणारे फादर त्यात भेटतात. लेख हृद्य आहे आणि त्यातील कृतज्ञता निखळ आहे. परंतु करुणेच्या त्या उजेडात विद्वानाची आकृती थोडी पुसट होते. हिंदीवरचे त्यांचे प्रेम आणि रामकथेवरचे संशोधन यांचा उल्लेख लेखात आहे. मात्र त्या संशोधनाच्या अंतरंगात शिरणे हे स्मरणलेखाचे प्रयोजनच नव्हे. ते काम समीक्षेने करावयाचे असते.

१९०९ साली बेल्जियमच्या फ्लेमिश भागात जन्मलेल्या या तरुणाने लूव्हेन येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, १९३० मध्ये येशूसंघात प्रवेश केला आणि १९३५ मध्ये तो भारतात आला. फ्रेंच भाषेच्या वर्चस्वाखाली आपली मातृभाषा कशी दबून राहते, हे त्याने मायदेशी पाहिले होते. विद्यार्थिदशेत फ्लेमिश भाषेच्या चळवळीत भागही घेतला होता. येथे आल्यावर सुशिक्षित माणसे आपल्याच भाषेविषयी उदासीन असलेली पाहून त्याला जे दुःख झाले, त्याचे मूळ या अनुभवात आहे. पुढे अलाहाबाद विद्यापीठात संशोधन करताना फादर बुल्के यांनी आपला प्रबंध हिंदीतच सादर करण्याचा आग्रह धरला. त्या काळी तेथे हिंदी विषयाचा प्रबंधसुद्धा इंग्रजीत लिहावा लागे. विद्यापीठाने नियम बदलला. तोच प्रबंध १९५० मध्ये ‘रामकथा : उत्पत्ति और विकास’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाचे थोरपण त्याच्या विस्तारापेक्षा त्याच्या वृत्तीत आहे. वाल्मीकींच्या काव्यातील थर ते शांतपणे वेगळे करतात. बालकांड व उत्तरकांड मूळ रचनेचा भाग नसावेत, या निष्कर्षाप्रत येतात. बौद्धांचे दशरथ जातक, जैनांचे विमलसूरीकृत पउमचरिय, आग्नेय आशियातील रामकथा अशा साऱ्यांना ते एकाच पंक्तीत बसवितात. सीता कोणाची कन्या, या एका प्रश्नावर परंपरेने दिलेली उत्तरे ते वर्गवारी करून मांडतात. जनक, दशरथ, भूमी आणि स्वतः रावणसुद्धा तेथे पिता अथवा माता म्हणून येतात. कोठेही उपहास नाही आणि कोठेही भाबडेपणा नाही. रामकथेचा उगम दशरथ जातकात आहे, असे वेबर या जर्मन पंडिताचे मत होते. फादर बुल्के यांनी ते पुराव्यानिशी नाकारले. पाश्चात्त्य पंडितांचे मत म्हणून त्यांनी ते शिरसावंद्य मानले नाही, आणि येथील श्रद्धेला रुचेल म्हणून पुरावा वाकवलाही नाही.

हा समतोल सोपा नव्हता. ख्रिस्ती धर्मगुरूने रामकथेचा शोध घ्यावा, यात कोणाला अंतःस्थ हेतूचा संशय येऊ शकतो, तर कोणा स्वधर्मीयाला ते वाट चुकल्यासारखे वाटू शकते. दोघांनाही उत्तर त्यांच्या ग्रंथातच आहे. त्यांनी स्वतःची श्रद्धा लपवली नाही आणि संशोधनाला तिच्या दावणीलाही बांधले नाही. ज्या ग्रंथावर इतरांची भक्ती आहे, त्याच्याविषयी खरे तेच बोलायचे आणि तेही आदराने बोलायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. तुलसीदासांवर त्यांचे नितांत प्रेम होते; ते प्रेम चिकित्सेने आटले नाही. मला वाटते, शेजाऱ्यावरील प्रीतीचा हा एक कठीण प्रकार आहे.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कथेचा एकेक प्रसंग देशोदेशी कसा पालटत गेला, याचा मागोवा घेताना कवी मागे पडतो. प्रसंग जुळवून दाखवता येतात. पण एखाद्या कवीने तोच प्रसंग कोणत्या लयीत आणि कोणत्या आर्ततेने मांडला, हे अशा कोष्टकात मावत नाही. एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ ज्याने ओव्यांच्या ओघात ऐकले आहे, त्याला ही उणीव जाणवेल. हा ग्रंथ नकाशासारखा आहे. नकाशावाचून प्रवासी भरकटतो हे खरे. तथापि नकाशा पाहणे म्हणजे प्रवास नव्हे.

त्यांच्या भाषाप्रेमाचेही असेच सुलभीकरण झाले आहे. संस्कृत महाराणी, हिंदी सून आणि इंग्रजी दासी, अशा अर्थाचे त्यांचे एक वचन सभांतून टाळ्या घेते. परंतु ज्यांनी इंग्रजीला दासी म्हटले, त्यांनीच कित्येक वर्षे खपून इंग्रजी-हिंदी शब्दकोश सिद्ध केला आणि तो १९६८ मध्ये प्रकाशित झाला. परकीय शब्दाला स्वभाषेत नेमका प्रतिशब्द शोधणे, हे घोषणेपेक्षा फार कष्टाचे काम. बायबलचे हिंदी भाषांतरही त्यांनी याच निष्ठेने केले. श्रवणशक्ती मंदावली तेव्हा वर्गाऐवजी मनरेसा हाऊसमधील त्यांचे ग्रंथालय हाच त्यांचा वर्ग झाला. ते जिज्ञासूंसाठी खुले असे.

मराठी ख्रिस्ती वाचकाला ही परंपरा परकी वाटू नये. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी मराठी आत्मसात करून ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. तेही येशूसंघीयच. दोघेही दुरून आले आणि येथील भाषेचे झाले. दोघांत फरक इतकाच, की एकाने आपली कथा शेजाऱ्याच्या छंदात सांगितली आणि दुसऱ्याने शेजाऱ्याची कथा त्याच्याच भाषेत अभ्यासली.

मार्च २०१८ मध्ये फादर बुल्के यांचे अवशेष दिल्लीहून रांचीला आणून त्यांच्या महाविद्यालयाच्या आवारात ठेवण्यात आले. रांचीतील एका रस्त्यालाही त्यांचे नाव आहे. असे सन्मान उचितच होत. पण आपल्या धर्मग्रामांतील किती घरांत आज मुले मराठी पुस्तक स्वेच्छेने उघडतात, आणि शेजाऱ्याच्या घरातील ग्रंथ किती ख्रिस्ती घरांत आदराने वाचला जातो, हे प्रश्न त्या सन्मानाने सुटत नाहीत. अध्यापकाची आठवण काढणे सोपे असते. त्याने घालून दिलेला अभ्यास पुढे चालवणे अवघड. फादर बुल्के यांचे ऋण फेडायचे, तर त्यांची आठवण आणि त्यांचा अभ्यास ही दोन्ही आपल्याला एकत्रच स्वीकारावी लागतील.