भाणक आणि जलसाकार

आंबेडकरी जलशांवर जे लेखन झाले आहे, त्यातील बरेचसे गीतांपाशी येऊन थांबते. गीत छापता येते, पाठ करता येते, त्याचे वृत्त आणि प्रतिमा यांविषयी लिहिता येते. परंतु जलसा हा गाण्याइतकाच सांगण्याचा प्रकार होता. भीमराव कर्डक यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही एकांगी दृष्टी विशेष खटकते. आपण त्यांना शाहीर म्हणून मोजतो. पण रात्रभर समुदायाला जागेवर बसवून ठेवणारे ते कथक होते, ही बाजू मागे पडते. पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला अशा कलावंतासाठी नवे नाव शोधावे लागत नाही. भाणक ही संज्ञा त्याच्यापाशी आहे.

संघातील जे भिक्खू ठराविक ग्रंथभाग मुखोद्गत करून लोकांसमोर म्हणत, ते भाणक. मिलिंदपञ्हात दीघभाणक, मज्झिमभाणक यांच्या बरोबरीने जातकभाणकांचाही उल्लेख येतो. म्हणजे कथा सांगणे हे निकाय सांभाळण्याइतकेच जबाबदारीचे काम मानले जात होते. हा वर्ग आपल्या प्रदेशाला परका नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका स्तंभाचे दान कोरलेले आहे. दाता सातिमित हा सोपाऱ्याचा, धम्मुत्तरीय परंपरेतील भाणक होता. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, देवनारहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असे.

जातकांच्या बाबतीत एक गोष्ट सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते. तिपिटकात समाविष्ट असलेले जातक म्हणजे केवळ गाथा. ज्याला आपण जातककथा म्हणतो तो गद्य भाग अट्ठकथेत आहे. गाथा छंदोबद्ध असल्यामुळे टिकल्या. गद्य मात्र शतकानुशतके सांगणाऱ्याच्या तोंडी राहिले, श्रोते पाहून वाढले, आखडले, आणि पुष्कळ उशिरा लिहिले गेले. ते लिहिलेच गेले नसते, तर कित्येक गाथा कोण कोणास उद्देशून म्हणत आहे, हेही आज आपल्याला उमगले नसते.

जलशाचे नेमके हेच झाले आहे. १९३०च्या दशकात नाशिक जिल्ह्यातून कर्डकांचे जलसा मंडळ उभे राहिले, तेव्हा सत्यशोधक जलशांचा वारसा आणि तमाशाचा सांगाडा त्यांच्यापुढे होता. गणातील गणपती गेला, गवळणीतील राधाकृष्ण गेले. पण बतावणी राहिली आणि वगाचे संवाद राहिले. कारण मंदिरप्रवेश का मागायचा, महारवतनाने माणूस बांधला कसा जातो, मुलाला शाळेत का घालायचे, हे पटवायला केवळ गीत पुरे पडत नाही. त्यासाठी प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा लागतो; श्रोत्यांतील अडाणी शंकाच पात्राच्या तोंडी घालून ती हसत हसत मोडावी लागते.

जातकाच्या शेवटी समोधान येते : त्या काळचा अमुक तो आज मीच आहे, असे भगवान सांगतात. बाबासाहेबांनी पुनर्जन्माची रूढ कल्पना नाकारली, त्यामुळे समोधानाचा हा अर्थ आपल्याला घेता येणार नाही. जलशाने मात्र त्याला दुसरा अर्थ दिला. वगातील वेठबिगार तो समोर घोंगडीवर बसलेला तूच, असे समोधान तिथे न उच्चारता घडत असे. माझ्या मते कर्डकांच्या कलेचे मर्म इथे आहे, चालींमध्ये नाही.

चुल्लवग्गात षड्वर्गीय भिक्खू धम्म लांबलचक गीतस्वरात गाऊ लागल्याचा प्रसंग आहे. भगवंतांनी त्याला मनाई केली आणि पाच दोष दाखविले. गाणारा स्वतः स्वराला लुब्ध होतो, ऐकणारेही लुब्ध होतात, हे त्यातील पहिले दोन. सरभञ्ञ, म्हणजे स्वरयुक्त पठण, मात्र अनुज्ञात ठेवले. महावग्गात तर सोण कुटिकण्णाने अट्ठकवग्ग सस्वर म्हटला, तेव्हा भगवंतांनी त्याची प्रशंसा केली. आक्षेप स्वरावर नव्हता. शब्दाला गिळणाऱ्या स्वरावर होता.

हा निकष घेऊन आजच्या एखाद्या कार्यक्रमाला जावे. देवनारच्या क्षेपणभूमीवर कचरा टाकणे १९२७ साली सुरू झाले. त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. जलसाकाराने एवढ्या योगायोगावर अख्खी बतावणी उभी केली असती. आज या भूमीच्या आसपासच्या वस्त्यांत एप्रिलच्या रात्री गायन पार्ट्या रंगतात. चाल चित्रपटाची, ध्वनिक्षेपक घराच्या भिंती हलविणारा, आणि दोन गीतांमधले निवेदन म्हणजे देणगीदारांची नावे! १९५६ नंतर जलसा ओसरला आणि गायन पार्ट्या पुढे आल्या. पुढे कॅसेटच्या व्यापारात गीत तेवढे विकले गेले, सांगणे विकले जाण्यासारखे नव्हते. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गीतातच कथन सामावून शब्द वर ठेवला. पण तो त्यांचा स्वतःचा गुण होता. त्यांच्या मागून आलेल्या सर्वांना तो साधला असे म्हणवत नाही.

भीमराव कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हा ग्रंथ लिहून आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. तरीही कागदावरची बतावणी म्हणजे बतावणी नव्हे. हजरजबाबी उत्तर, श्रोत्याकडे वळून टाकलेला शब्द, गावागणिक बदललेला दाखला हे कागदावर फारसे उतरत नाही. ज्यांनी लहानपणी घोंगडीवर बसून हे ऐकले, त्यांच्यापैकी जे आज हयात आहेत ते ऐंशीच्या पुढचे आहेत. कोणाचा आवाज गेला असेल, कोणी मद्यापासून सुटला नसेल, म्हणून विहारात त्याला कोणी विचारीत नसेल.

समन्तपासादिकेत एक हकीकत आहे. महानिद्देस हा ग्रंथ एका काळी एकाच भिक्खूला पाठ होता आणि तो दुराचारी म्हणून प्रसिद्ध होता. महारक्खित थेर त्याच्याकडून पाठ घ्यायला तयार होईनात. तेव्हा महातिपिटक थेरांनी त्यांना सांगितले, की तू शीक, तू शिकत असताना मी तुझ्याजवळ बसून राहीन. मग महारक्खितांनी रात्रंदिवस खंड न पाडता तो ग्रंथ मुखोद्गत केला.