‘ऑर्बिस पिक्टस’ आणि माहितीचा शोध : एक चिकित्सा

कोमेनियस यांचे ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे बालकांसाठीचे सचित्र पाठ्यपुस्तक 1658 मध्ये न्यूरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन भाषांत प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रांत वस्तूंना अंक दिलेले असून तेच अंक मजकुरातील संबंधित शब्दांजवळ आढळतात. परिणामी बालक चित्राकडून मजकुराकडे आणि मजकुराकडून चित्राकडे वळते. येथे अंक हा सजावटीचा भाग नसून शोधाचे साधन आहे.

तथापि या रचनेची मर्यादाही नोंदविणे आवश्यक ठरते. अंक वस्तूचे नाव मिळवून देतो; बालकाच्या मनातील प्रश्नाला त्यात स्थान नाही. माहितीपर पुस्तकांच्या आजच्या अध्यापनातही हीच उणीव संभवते. अनुक्रमणिका, उपशीर्षक, चित्राखालील ओळ व सूची यांच्या व्याख्या पाठ झाल्याने शोधकौशल्य येत नाही. सूचीत ‘कापूस’ हा शब्द ‘कीटक’ या शब्दाआधी का येतो, हे बाराखडीचा क्रम प्रत्यक्ष वापरल्यावरच उमगते. म्हणून प्रथम बालकाचा प्रश्न, त्यानंतर साधनाची निवड आणि अखेरीस उत्तराची पडताळणी, असा अध्यापनक्रम असावा. अन्यथा पुस्तक हाती असूनही बालक उत्तरासाठी शिक्षकाच्या शब्दावरच अवलंबून राहते.