घाई उसाला, बांधिलकी मजुराला

हंगामात बारामतीहून भवानीनगरकडे निघालात तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तुमच्या पुढे असणारच. त्या उसामागे एक करार असतो. त्याच्या समर्थनार्थ जे विज्ञान सांगतात, ते आज तपासू.

ऊस तोडला तरी त्यातली विकरं थांबत नाहीत. इन्व्हर्टेज सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. त्यांची दाणेदार साखर होत नाही, म्हणून उतारा घसरतो. ऊन लागलं की वजनही घटतं. त्यामुळे तोडलेला ऊस २४ तासांत गाळपाला जावा, हा आग्रह अगदी योग्य आहे.

चूक पुढच्या पायरीवर होते. ‘ऊस थांबत नाही, म्हणून मजुराने हंगाम संपेपर्यंत जाऊ नये’, असं म्हटलं जातं. पण तासांची घाई फक्त तोडलेल्या उसाला असते. उभ्या उसाची तोड फारच लांबली तर त्याचाही उतारा पडतो, पण ते गणित आठवड्यांचं. एका दिवसाच्या कारणावर पाच महिन्यांची बांधिलकी कशी उभी राहते?

आता कराराची रचना पाहा. कारखाना वाहतूकदाराशी बोलतो, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम मजुरांशी. स्टॅम्पपेपरवर सह्या बहुतेकदा वरच्यांच्याच. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिच्या हाती येते उचल आणि तोंडी शब्द. आजारपणात दिवस गेला की ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. सोडून जायचं तर किती दिवस आधी सांगायचं, हिशोब कसा करायचा, याला उत्तर नसतं.

दुसरी बाजूही खरी आहे. इंदापूरचा एखादा शेतकरी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतो, मुकादमाला लाखो रुपये देतो आणि टोळी येतच नाही. हप्ते मात्र चालू राहतात. त्याची फसवणूक झालेलीच असते. पण ती मुकादमाने केलेली असते. तिची वसुली टोळीतल्या मजुराला अडवून करता येत नाही.

कायदा इथे स्पष्ट आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ करारभंगासाठी वाजवी भरपाई देतं. करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. माणसाच्या अंगमेहनतीचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. आणि उचलीच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडे काम करण्याचं किंवा जाण्या-येण्याचं स्वातंत्र्य गेलं, तर १९७६ च्या कायद्यानुसार ती वेठबिगारी ठरते. ते कर्जच रद्द होतं.

तुलनेसाठी १९९० चा इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस हा खटला घ्या. त्या करारात ३० दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडायची सोय होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने भरपाईही ३० दिवसांपुरतीच ठेवली. गॅस वितरणाच्या करारात बाहेरचं दार मोजून बसवलेलं असतं. ऊसतोडीत ते दारच नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती हवीच होती. पण दरासोबत एवढंही लिहून घ्यायला काय हरकत आहे: तोडलेला ऊस भरून द्यायचा, ठरलेल्या दिवसांची सूचना द्यायची, झालेल्या टनांची मजुरी उचलीतून वजा करून उरलेल्याचा लेखी हिशोब करायचा, आणि जायचं? यात उसाचं काहीच बिघडत नाही. विज्ञानाची अट तर २४ तासांतच पूर्ण होते.